बाग रंगीत आहे पण फुलपाखरं-मधमाश्या येत नाहीत, दुधीच्या कळ्या गळतात : देशी झाडं कुठली लावावीत

ताई, तुमचं थोडक्यात असं आहे की तळेगावजवळ दोन गुंठ्यात घर, पुढे लॉन, कंपाउंडला बोगनवेल, कुंड्यांत पेटुनिया आणि डबल जास्वंद, गच्चीवर दुधी-दोडका-वांगी. सगळं हिरवंगार आहे पण फुलपाखरू थांबत नाही आणि दुधीच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. म्हणून विचारताय की देशी झाडं कुठली लावू आणि मधमाश्यांची एक पेटी आणून ठेवली तर प्रश्न सुटेल का. पुणे-मावळ भागात बागा लावून देण्याचंच काम करतो त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो, जरा सविस्तरच सांगतो.

आधी दुधी, कारण त्यात मधमाशीचा फारसा संबंधच नाहीये. दुधीचं फूल पांढरं असतं, संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं. दोडक्याचं फूल पिवळं असलं तरी तेही संध्याकाळचंच. ह्यांच्याकडे मुख्यतः येतात ते रात्रीचे पतंग, त्यातही ते मोठे हॉकमॉथ, फुलावर न बसता हवेत एका जागी थांबून लांब सोंडेने मध ओढणारे. आता गच्चीवर तुमचा पांढरा एलईडी फ्लडलाइट रात्रभर चालू असेल (बहुतेक बंगल्यांवर असतोच) तर पतंग त्या दिव्याला धडका मारत बसतात, वेलीकडे फिरकत नाहीत. तो बंद करा, फारच गरज असेल तर सेन्सरचा पिवळा दिवा लावा. आणि तोपर्यंत हातानेच काम करा. संध्याकाळी सात-साडेसातला लांब देठाचं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि जिच्या मागे बोटाएवढी लवदार दुधी दिसते त्या मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. वेल नवी असेल तर सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, युरिया जास्त पडला किंवा उन्हाळा कडक असला तरी नर फुलं वाढतात, तेव्हा गळणारी प्रत्येक कळी परागीकरणाअभावीच गळतेय असं समजू नका, आधी मागे फळ आहे का बघा.

काकडी, लाल भोपळा, कारलं हे मात्र सकाळचे गडी, त्यांना माश्या लागतात. वांग्याचं प्रकरण आणखी वेगळं. वांग्याच्या फुलात पराग नळ्यांमध्ये बंद असतो, टोकाला फक्त बारीक भोक, फूल नीट हादरवल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. जमतं ते मोठ्या काळ्या भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एका छोट्या माशीला. सकाळी वांग्याजवळ गप्प उभं राहून ऐका, ही निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला उलटी लटकते, पंख मिटते आणि छातीचे स्नायू थरथरवते, उडतानाच्या गुणगुणण्यापेक्षा चढा असा झीं आवाज येतो, एक-दोन सेकंद, मग दुसरं फूल. तो आवाज तुमच्या गच्चीवर येत नसेल तर वांगी का धरत नाहीत ते कळलंच म्हणून समजा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की परागीकरण म्हणजे मधमाशी हे डोक्यातून काढायला हवं. भारतात माश्यांच्या (घरमाशी नव्हे, मधमाशीच्या गोतावळ्यातल्या, इंग्रजीत ज्यांना बी म्हणतात त्या) ७०० च्या वर जाती आहेत, पोळं करून मध साठवणाऱ्या त्यात अगदी मोजक्या, आग्या, सातेरी, फुलोरी, आणि डंख न मारणारा पोया. बाकी बहुतेक सगळ्या एकट्या राहतात, मातीत किंवा लाकडात भोक करून, आणि त्यातल्या छोट्या माश्या दोन-चारशे मीटरच्या पलीकडे सहसा जातही नाहीत. सातेरी किलोमीटरभर सहज फिरते, तिला तुमचे दोन गुंठे असले काय नसले काय फार फरक पडत नाही. पण त्या छोट्या माशीचं अख्खं आयुष्य तुमच्या कंपाउंडच्या आत जाऊ शकतं, त्यामुळे बाग तिच्या हिशोबाने लावायची.

आता तुमची सध्याची झाडं. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग जवळपास नाही आणि मधापर्यंत पोचायला वाट नाही. पेटुनिया रंगासाठी तयार केलेली हायब्रिड. बोगनवेलीचा रंग पाकळ्यांचा नसतोच, ती रंगीत पानं, खरं फूल आत पांढरं एवढंसं. आणि लॉन तर काय, फूल येण्याआधीच कापून टाकायचं गवत. म्हणजे मांडव छान सजवलाय पण पंगतच नाही. सगळं उपटा असं मी म्हणणार नाही, बोगनवेल कंपाउंडला राहू दे, डबल जास्वंदीच्या शेजारी साधी एकेरी लाल जास्वंद लावा, तिच्यावर शिंजीर (मध पिणारा छोटा पक्षी) सकाळ-संध्याकाळ येईल. लॉन मात्र अर्धं तरी कमी करा, ह्यावर मी ठाम आहे.

फुलपाखरांचं बोलायचं तर लोक फुलं शोधत बसतात आणि खरी गोम पानांत असते. मादी अंडी घालायला ठरावीक झाडच शोधते, अळीला तेच पान लागतं, ते नसेल तर फुलपाखरू मध पिऊन पुढे निघून जातं. ठाण्याला घोडबंदर रोडजवळ ओवळेकर वाडीत जाऊन या एकदा पावसाळ्यानंतर, तिथे मधाच्या झाडांबरोबर अळ्यांच्या खाद्यझाडांचाही विचार करून लावलंय आणि फरक डोळ्यांना दिसतो.

सगळ्यात सोपं कढीपत्ता आणि लिंबू. कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय दोघंही येणार, तळेगावसारख्या ठिकाणी तर आपलं राज्य फुलपाखरू निलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, तेही लिंबावर अंडी घालून जाऊ शकतं (महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं आपलं पहिलं राज्य). ह्यांची अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट त्यावर पांढरा डाग, मोठी झाली की हिरवीगार, आणि काडीने हलकेच टोचलं तर डोक्यामागून लालसर दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. मुलांना दाखवा. आमटीसाठी एक कढीपत्ता आणि अळ्यांसाठी एक, असे दोन वेगळे लावा म्हणजे घरात भांडणं नाहीत.

रुई लावायला लोक बिचकतात, चीक विषारी असतो, तो डोळ्यात-तोंडात जाऊ नये एवढी काळजी घ्या. मारुतीला वाहायला पानं मिळतात ते वेगळंच. त्यावर प्लेन टायगर पानाच्या खाली एकेक अंडं घालतं, अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची. ती पान खायच्या आधी मधली शीर कुरतडते, चीक गळून जाऊ देते आणि मग पुढचा भाग निवांत खाते, हे बघत बसलात तर चहा गार होतो. आणि रुईच्या फुलांवर तो मोठा काळा भुंगा येतो, वांग्याला लागणारा तोच.

ह्याशिवाय बहावा लावा, त्यावर एमिग्रंट नावाची फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं येतात. पावसाळ्यात टाकळा आपोआप उगवतो तो सगळा उपटू नका, छोटी पिवळी ग्रास यलो त्यावरची. चित्रकावर झेब्रा ब्लू. आंब्याच्या पानावर बॅरन, त्याची हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी चपखल बसते की समोर असून दिसत नाही. आणि जुन्या आंब्यावर थोडं बांडगूळ असेल तर सगळं छाटू नका, हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात. घोळाची भाजी कोपऱ्यात वाढली तर वाढू द्या.

एक गंमत सांगतो, नर्सरीवाले सांगणार नाहीत. खुळखुळा आणि भुरुंडी ही दोन्ही रानटी, लोक तण म्हणून काढतात. ही सुकायला लागली की ब्लू टायगरसारख्या फुलपाखरांचे नर त्यावर झुंबड करतात, फुलावर नाही हां, सुकलेल्या काडीवर आणि कुरतडलेल्या पानावर. त्यातली काही द्रव्यं त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला लागतात. म्हणून मी खुळखुळा सुकल्यावरही लगेच काढू देत नाही, माळी कटकट करतो, करू दे.

आता मध आणि पराग. इथे एकच बघायचं, वर्षातला कुठला महिना रिकामा जातो. आपल्याकडे उन्हाळा हा झाडांचा, फेब्रुवारी-मार्चला पळस, पांगारा, काटेसावर, पक्ष्यांची चंगळ, मग करंज, जांभूळ, बहावा, तामण. दोन गुंठ्यात ह्यातलं एक, फार तर दोन बसतील. बहावा किंवा तामण घ्या, दोघांच्या फुलात माश्यांना पराग मिळतो आणि भुंगे येतातच. शेवगा मात्र हवाच, लवकर वाढतो, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलतो, आणि फुलला की झाड गुणगुणतं. करंज अंगणात लावू नका, मोठा होतो, सोसायटीच्या रस्त्याकडेला लावायला सांगा.

जुलै-ऑगस्टच्या झडीत माश्यांचे हाल असतात, पाऊस थांबत नाही, बाहेर पडता येत नाही आणि पडल्या तर फुलातला मध धुऊन गेलेला. ह्या काळात दिंडा, तेरडा आणि भारंगी उपयोगी. दिंड्याच्या फुलांचा गुच्छ दिसायला काहीच नाही, पण एका गुच्छावर माश्या, गांधीलमाश्या, मुंग्या, फुलपाखरं सगळे एकदम. पाऊस ओसरला की मग सोनकी, कुर्डू, रानतीळ अशी रेलचेल, हे सगळं बी टाकून येतं. खरी अडचण दिवाळीनंतर, रान वाळायला लागतं आणि बागेतही शेवंती-झेंडूशिवाय काही नसतं. तिथे कोरांटी, अडुळसा, तुळस आणि निर्गुडी ही चार झुडपं म्हणजे माझा भरवसा. कोरांटी पावसाळा संपता संपता सुरू होते आणि थंडीभर चालते. अडुळशाचं पांढरं फूल जबड्यासारखं, त्यात भुंगा अर्धा आत शिरतो आणि पाठीला पराग लावून बाहेर येतो. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, निम्म्या ठेवा, छोट्या माश्या दिवसभर असतात त्यावर. पुढे जानेवारी-फेब्रुवारीला धायटी, लाल बारीक नळ्यांची फुलं, शिंजीर आणि माश्या दोघांची. रात्रीच्या पतंगांसाठी प्राजक्त लावाच, तुमच्या दुधीलाही त्याचा फायदा.

भाज्यांतलं थोडं फुलू द्या. कोथिंबिरीची, मेथीची, मोहरीची एकेक ओळ कोपऱ्यात काढणीनंतर सोडून द्यायची. कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांवर ज्या बारीक माश्या (ह्या मधमाशीच्या गोतावळ्यातल्या नव्हेत, हॉवरफ्लाय) येतात त्यातल्या काहींची पिल्लं मावा खातात, म्हणजे फुकटची फवारणी.

विदेशी झाडांबद्दल मी कट्टर नाही. एकदांडी बाहेरूनच आलेली, पण बागेत उगवली तर मी काढत नाही, छोटी फुलपाखरं तिच्यावरच जगतात कित्येकदा. पानफुटीही इथली नाही तरी रेड पिएरोची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून आतल्या आत खाते आणि वरून पान पारदर्शक दिसायला लागतं. पण घाणेरी लावू नका, फुलपाखरं येतात हे खरंय, पण पक्षी बिया नेऊन डोंगरभर पसरवतात. तेच पिवळ्या-केशरी कॉसमॉसचं, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो पसरलाय तो असाच बागांमधून आणि रस्त्याकडेच्या सुशोभीकरणातून निसटून, तळेगाव तर सह्याद्रीच्या तोंडाशी, तिथे अजिबात नको. स्पॅथोडिया, ज्याच्या कळ्यांच्या पिचकाऱ्या मुलं करतात, तोही टाळा, त्याच्या फुलात मेलेल्या छोट्या माश्या सापडतात, ब्राझीलमध्ये ह्यावर अभ्यास झालेत.

जेवणाचं झालं, राहायचं काय. जगातल्या साधारण ७० टक्के माश्या जमिनीत घर करतात. आणि आपण काय करतो, पेव्हर ब्लॉक, लॉन, नाहीतर सगळीकडे जाड पालापाचोळ्याचं आच्छादन. पाचोळा चांगलाच, पण एक दोन-तीन हाताचा तुकडा उघडा ठेवा, ऊन येणारा, जरा उताराचा, पावसात पाणी न साचणारा. तिथे खुरपणी नाही, पाणी नाही. पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागतील, मुंग्यांची समजून पावडर टाकू नका. भुंग्यासाठी वाळलेलं ओंडकं किंवा सुकलेला जाड बांबू भिंतीला टेकवून ठेवा. ते ऑनलाइन मिळणारं मधमाश्यांचं हॉटेल घ्यायची गरज नाही, बांबूचे वीतभर तुकडे, एका बाजूला पेर बंद, आतलं भोक पाच ते दहा मिलिमीटर, जुडी बांधून पावसाची झड येणार नाही अशा ठिकाणी छपराखाली टांगा. गुलाबाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर ती कीड नाही, पानं कापून घरट्याला अस्तर लावणारी माशी आहे, औषध मारू नका.

औषधावरून आठवलं. नवी रोपं आणताना नर्सरीत विचारा की इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलंय का. ते झाडात भिनतं आणि फुलाच्या मध-परागात उतरतं, म्हणजे तुम्ही माश्यांसाठी म्हणून आणलेलं रोपच त्यांना घातक. नीट उत्तर मिळालं नाही तर पहिला बहर खुडून टाका. मावा असेल तर पाण्याचा जोरात फवारा, पिठ्या ढेकूण असेल तर हाताने ब्रशने काढा. कडुनिंबाचं तेल सेंद्रिय असलं तरी अळीला मारतंच, खाद्यझाडांवर नको, बाकी ठिकाणी सूर्य मावळल्यावर आणि फुलं सोडून. सोसायटीचं डासांचं फॉगिंग हे मोठं दुखणं आहे, तिथे बोलून बघा, साचलेलं पाणी काढणं त्याहून जास्त कामाचं.

आता पेटी. माझं उत्तर नाही असंच आहे, निदान पहिली दोन वर्षं तरी. आजूबाजूला खाद्य नसेल तर पेटीतल्या हजारो माश्या तुमच्याच बागेतल्या एकट्या माश्यांच्या तोंडचं काढून घेतात, किंवा सरळ पेटी सोडून जातात, सातेरी तर पटकन जाते. वांगी आणि दुधी तर तिच्याकडून व्हायचीच नाहीत. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते चहूबाजूला जांभूळ, हिरडा, कारवीचं जंगल आहे म्हणून. तरीही हौस असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, आधी तिथलं प्रशिक्षण घ्या मग पेटी, आणि घेतलीच तर सातेरीची. शेजारच्या बिल्डिंगला आग्या मोहोळ लागलं तर जाळायला लावू नका, धूर-फटाके केले की माणसं चावून घेतात, तसंच ठेवलं तर हंगाम संपला की ते स्वतःच जातं.

रोपं कुठून हा पुढचा प्रश्न येणारच. साध्या नर्सरीत कोरांटी-धायटी विचारलं तर तोंडाकडे बघतात. वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत बहावा, तामण, करंज, शेवगा जूनच्या आसपास स्वस्तात मिळतात. निर्गुडी आणि अडुळसा कुणाच्या तरी कुंपणाला असतोच, पावसाळ्यात वीतभर जून फाटा खोचा, लागतो. कोरांटीच्या बोंडांवर लक्ष ठेवा, वाळली की तडकून बी उडवतात, त्याआधी काढा. बहाव्याचं बी कठीण, टोक दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवा. काससारख्या पठारावरून किंवा टेकडीवरून रोपं उपटून आणू नका, जगत नाहीत आणि तिथलं नुकसान होतं ते वेगळं. लागवड दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन मुरली की करा, मुरमाड जमीन असेल तर खड्ड्यात निम्मं शेणखत-माती, आणि पहिले दोन उन्हाळे आळं करून पाणी द्यायलाच लागतं, देशी आहे म्हणून आपोआप जगेल असं नसतं.

शेवटचं शेजाऱ्यांचं. गवत वाढलं, साप येतील, हे तुम्हाला सप्टेंबरपर्यंत कुणीतरी नक्की ऐकवणार. त्यावर उपाय असा की कडेचा फूट-दीड फुटाचा पट्टा आणि घराकडे जाणारी वाट कायम स्वच्छ कापलेली ठेवायची, रान वाढवायचं ते आत, कंपाउंडच्या बाजूला. कड नीट असली की आतलं मुद्दाम लावलेलं दिसतं. वाटलं तर गेटजवळ फुलपाखरांसाठी राखीव अशी एक छोटी पाटी लावा, आमच्या एका क्लायंटकडे पाटी लागल्यापासून तेच शेजारी पाहुण्यांना घेऊन बघायला येतात.